मला उत्तर येत होतं

कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याने काल काचेच्या कपाटाला खडूने लिहिलेली पाटी टेकवली. नोलेन गुड आला. खजुराच्या रसाचा हा नवा गूळ दिसला की बंगालातल्या आमच्या बागबाजारात थंडी पडली असं समजायचं, मग पाठीवरून घाम का ओघळत असेना. लोक घाईघाईने स्वेटर बाहेर काढतात आणि डांबरगोळ्यांचा वास अंगावर घेऊन बसमध्ये चढतात. संत्र्यांच्या हातगाड्या उभ्या राहतात. गंगेवरचं धुकं सकाळी आठ-साडेआठपर्यंत गल्लीच्या तोंडाशी रेंगाळतं.

आमच्या घरात या पाटीचा आणखी एक अर्थ होता. क्विझचा मोसम सुरू झाला.

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. इथे हिवाळ्यातल्या रविवारी कुठल्या तरी क्लबात, शाळेच्या सभागृहात, कॉलेजच्या पटांगणात मांडव घालून क्विझ भरते. कुणीही तिघांनी नाव द्यावं. पिकलेल्या मिशांचे निवृत्त प्राध्यापक आणि कालपरवा मिसरूड फुटलेले विद्यार्थी शेजारी शेजारी बसतात आणि एखाद्या विसरलेल्या सुलतानाच्या सासऱ्यावरून हमरीतुमरीवर येतात. मातीच्या कपातला चहा, कागदाच्या पुडीतली कचोरी, आणि दहा ते दोन नुसते प्रश्न. त्या उत्तरांचा कुणाला काडीचा उपयोग नसतो. तरी उत्तर बरोबर आलं की साठीचा माणूस खुर्चीतून उडी मारतो.

श्रीकांत तशा उड्या मारणारा होता. माझा नवरा. नागपूरचा. एका सरकारी कंपनीत अधिकारी होता, बदली होऊन आम्ही इथे आलो ते तीन वर्षांसाठी. तीन वर्षांनी बडोद्याची ऑर्डर आली तेव्हा त्याने साहेबांच्या पुढ्यात बसून माझ्या तब्येतीचं काय काय सांगितलं आणि ती रद्द करून घेतली. माझी तब्येत ठणठणीत होती. त्याचा संघ अंतिम फेरीत पोचला होता, एवढंच. मी चिडले, मग हसले, मग राहिलेच. आम्हाला मूल नाही. घरात मराठी बोलणारी माणसं दोन. ती जिथे बसतील तिथे आपलं गाव, असं तो म्हणायचा.

त्याच्याकडे बुटांची चार रिकामी खोकी होती. इतिहास, साहित्य, कला, धर्म. प्रत्येकात पोस्टकार्डाएवढी जाड कागदाची कार्डं, पुढे प्रश्न, मागे उत्तर, अक्षर मुंगीसारखं. पोथीच्या शेवटी लेखकू आपलं नाव-गाव लिहितो त्या मजकुराला काय म्हणतात? पुष्पिका. गाईंना आंब्याची पानं खाऊ घालून कुठला रंग काढत म्हणे? पिवळा. मी पोळ्या लाटत असले की तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारायचा. मला येत नसे. मग तो मागची बाजू न वाचता उत्तर सांगायचा आणि उत्तराच्या मागची गोष्ट सांगायचा, आणि गोष्ट संपेपर्यंत पोळ्या गार व्हायच्या.

त्याचा जोडीदार दीपंकरदा. इतिहासाचे प्राध्यापक होते, आमच्याच गल्लीत दोन घरं सोडून राहायचे. बुटके, सदा मफलर, बोलताना चष्मा कपाळावर. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात ते श्रीकांतला रस्त्यावर घेऊन गेले आणि हाताने हवेत रेघ मारत म्हणाले, "इथून खंदक सुरू व्हायचा. मराठा खंदक. तुमच्या नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार येतील म्हणून आमच्या लोकांनी भिऊन खणला. पण ते आलेच नाहीत. मग बुजवला."

श्रीकांत म्हणाला, "आलो की. फक्त बदलीवर आलो."

त्यावर दीपंकरदा रस्त्यातच बसायला आले, इतके हसले. तेव्हापासून त्यांनी त्याला नाव ठेवलं बोर्गीमशाय. बोर्गी म्हणजे ते घोडेस्वार, आपल्या बारगीर शब्दाचं बंगाली रूप; मशाय म्हणजे महाशय. इथल्या आया ज्यांचं नाव घेऊन पोरांना झोपवत, त्यांच्यातला एक त्यांना आयता क्विझसाठी मिळाला होता.

तीन वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजेच्या सकाळी श्रीकांत दाढी करत होता. बेसिनमध्ये रेझर पडल्याचा आवाज आला. मी गेले तर तो उभा होता, अर्ध्या गालावर फेस, आणि उजवा हात दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा लोंबत होता. मी विचारलं, "काय झालं?" त्याने तोंड उघडलं. तोंडातून काहीच आलं नाही. त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती. आश्चर्य होतं. प्रश्न ओळखीचा आहे आणि उत्तर जिथे ठेवलं होतं तिथे नाही, असं काहीसं.

हॉस्पिटलमध्ये सोळा दिवस. पाय थोडा सावरला. हात नाही. बोलणं गेलं ते गेलंच. अकराव्या दिवशी नर्सने उशी सारखी करताना त्याने पहिला शब्द उच्चारला. "ताई तो."

बंगाली बोलताना लोक उठता बसता हे म्हणतात. तेच तर, खरंच की, अशा अर्थाने. श्रीकांत क्विझमध्ये कुणी चूक दाखवली की मान हलवून म्हणायचा, "ताई तो!" सगळं वाहून गेलं तेव्हा हे एवढंच दगडाखाली अडकून राहिलं होतं. पाणी हवं, ताई तो. दुखतंय, ताई तो. माझं नाव, तेही ताई तो. एवढी वर्षं ज्या भाषेत आम्ही भांडलो, जिच्यात तो मला गोष्टी सांगत आला, तिच्यातला एकही शब्द उरला नव्हता.

स्पीच थेरपीच्या बाई आठवड्यातून दोनदा घरी येत. तरुण होत्या, खोटं बोलत नसत. त्या म्हणाल्या, "त्यांना बरंच समजतं. शब्द सापडत नाही. मान हलवतात त्यावरही फार विसंबू नका, हो आणि नाही यांची अदलाबदल होते." मी विचारलं, सुधारेल ना? त्यांनी पर्स बंद केली, उघडली, परत बंद केली. "सुरुवातीच्या महिन्यांत जेवढं येईल तेवढं."

तो हिवाळा मला अजून वासांनी आठवतो. तेलाचा वास, हात चोळायचं तेल. संत्र्याच्या सालांचा. दार्जिलिंगकडची ही संत्री नागपूरच्या माणसाला कधीच पसंत पडली नाहीत. दर वर्षी पहिली फोड तोंडात टाकून तो म्हणायचा, "आंबट." त्या वर्षी मी फोड सोलून, बिया काढून त्याच्या तोंडात घातली आणि वाट बघत राहिले. त्याने शांतपणे चावून गिळली. मला हुंदका आला आणि तो दुसऱ्या फोडीसाठी तोंड उघडून बसला होता.

नागपूरला त्याची थोरली बहीण, आमच्या ताई. शहात्तर वर्षांच्या, गुडघ्यांनी घरात अडकलेल्या. त्यांनी हट्ट धरला, माझ्या भावाच्या कानाला फोन लाव. मी लावला. त्या पलीकडून हाका मारत होत्या, "श्री, ए श्री, ओळखलंस का मला?" आणि हा म्हणाला, "ताई... ताई तो."

पलीकडे रडणं. "अगं, तो मला ताई म्हणाला! ऐकलंस का? ताई म्हणाला मला!" मी फोन हातात घेतला. म्हणाले, "हो ताई. ऐकलं मी." त्यांनी सगळ्या नातेवाइकांना कळवलं. दोन महिन्यांनी त्या गेल्या. ते शेवटपर्यंत खरं मानून गेल्या. मी त्यांना खरं सांगितलं नाही याचं मला वाईट वाटत नाही. त्या वर्षात मी गप्प राहिले आणि कुणाचं तरी बरं झालं, असं ते एकदाच.

दर रविवारी दहाच्या ठोक्याला दीपंकरदा यायचे. क्विझला जायचे ते सोडून आमच्याकडे. हातात नोलेन गुडाच्या संदेश मिठाईची पेटी. खोकी उघडायचे, कार्ड काढायचे, खड्या आवाजात प्रश्न वाचायचे आणि चष्मा कपाळावर चढवून थांबायचे. श्रीकांतचा चेहरा उजळायचा. भुवया वर, मान पुढे, ओठ जुळवाजुळव करायचे. "ताई तो! ताई तो!" तो डाव्या हाताने टेबल ठोकायचा. दीपंकरदा कार्ड उलटून उत्तर वाचायचे आणि म्हणायचे, "बरोबर! दहा गुण." मग माझ्याकडे वळून खालच्या आवाजात, "बौदि, ओ जाने." वहिनी, त्याला येतं.

मला ते हवंच होतं. भांडी घासता घासता मी तेच घोकायचे. त्याला येतं. आत सगळी खोकी जिथल्या तिथे आहेत, फक्त दाराला कुलूप आहे.

म्हणून माघात दीपंकरदा म्हणाले की मोसमातली शेवटची खुली क्विझ आहे, आपण नाव देऊ, तिसरी तुम्ही बसा, तेव्हा मी नको म्हणाले नाही. थेरपीच्या बाईंनी एवढंच विचारलं, "त्यांना जायचंय का?" मी श्रीकांतला विचारलं. त्याने मान हलवली. कशी हलवली ते मी मला हवं तसं वाचलं.

मी त्याला राखाडी कोट घातला. उजवी बाही आधी, मग डावी. एका जुन्या क्लबचं सभागृह, शिसवी खुर्च्या, पंख्यांना जळमटं. लोक उठून उठून भेटायला आले. कुणी त्याचा डावा हात हातात घेतला, कुणी उजवा घेतला आणि गोंधळून सोडला. प्राथमिक फेरीत उत्तरं कागदावर लिहायची होती. दीपंकरदांनी एकट्याने लिहिली आणि आम्ही आठातले आठवे म्हणून मंचावर गेलो. दोघातिघांनी धरून त्याला तीन पायऱ्या चढवल्या. टाळ्या वाजल्या. तो हसला, अर्ध्या तोंडाने.

प्रश्न विचारायला महुआ होती. कॉलेजात असताना आमच्या बैठकीच्या खोलीत बसून श्रीकांतची कार्डं उतरवून घेणारी मुलगी. ती त्याला काकू म्हणायची. बंगालीत काकू म्हणजे काका, आणि आम्ही दोघं त्यावर दर वेळी हसायचो. आता ती साडी नेसून माइकसमोर उभी होती.

तिसऱ्या फेरीत आमची पाळी आली. तिने वाचलं, आधी इंग्रजीत, मग बंगालीत. विनतेने घाई करून अंडं फोडलं म्हणून जो कमरेखाली अपुरा जन्मला, तो सूर्याचा सारथी पुरीच्या सिंहद्वारासमोर एका अखंड दगडी खांबावर हात जोडून बसला आहे. हा खांब मुळात कुठे होता आणि तिथून तो कुणी आणला?

दीपंकरदांनी श्वास सोडला. त्यांना येत नव्हतं असं नाही, मला वाटतं. त्यांनी माइक श्रीकांतच्या हातात दिला.

आणि मला उत्तर येत होतं.

लग्नानंतर बाविसाव्या वर्षी आम्ही पुरीला गेलो होतो. चपलांत वाळू, डोक्यावर ऊन, मला शहाळं हवं होतं आणि हा खांबापाशी उभा. "वर बघ. अरुण. हा कोणार्कचा. सूर्यमंदिर ओस पडलं, मग मराठ्यांनी तिथून काढून इथे आणला. ओरिसा आपल्या नागपूरच्या ताब्यात होता तेव्हा. इतका मोठा दगड कसा आणला असेल सांग?" मी म्हणाले, "बैलगाडीने आणला असेल, आता शहाळं." तो इतका हिरमुसला की मी मग शहाळं पिता पिता सगळं नीट ऐकून घेतलं.

दोन शब्द होते. कोणार्क, मराठे. माइक त्याच्या हातात होता, माझ्यापासून वीतभर. त्याने तो तोंडाशी नेला. चेहरा उजळला होता, घरी उजळायचा तसाच. "ताई तो," तो म्हणाला. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. "ताई तो. ताई तो." घड्याळ चालू होतं. मग त्याने माइक आमच्या दोघांमध्ये टेबलावर ठेवला. माझ्या मनगटावर त्याची बोटं रुतली. तो माझ्याकडे बघत होता.

मी बोलले नाही.

का, हे मी स्वतःला शंभर वेळा विचारलंय. वाटलं, हे त्याचं उत्तर आहे, मी कसं तोंडातून काढून घेऊ? वाटलं, अजून पाच सेकंद आहेत, येईल. वेडी आशा होती ती, सगळ्यांसमोर, मंचावर, कुलूप आपोआप उघडेल अशी. मी त्याच्याकडे बघून मान हलवत राहिले, म्हण, म्हण. घंटा वाजली.

महुआने हातातल्या कागदाकडे बघितलं. तिचा आवाज बारीक झाला होता. "होलो ना, काकू." नाही झालं. प्रश्न पुढच्या संघाकडे गेला. कॉलेजच्या तीन मुली. त्यांनी एका दमात सांगितलं आणि टाळ्या पडल्या. महुआने खोटे गुण दिले नाहीत. त्याने शिकवलेली मुलगी होती ती.

टॅक्सीत तो खिडकीशी बसला. बाहेर दुपारचं पांढरं ऊन होतं, कुठल्याशा शाळेतून सरस्वतीची मूर्ती विसर्जनाला निघाली होती. अचानक त्याने डाव्या मुठीने आपल्या मांडीवर ठोसा मारला. परत मारला. मग त्याच हाताचं बोट माझ्याकडे केलं.

"हो," मी म्हणाले. "मला येत होतं. तू म्हणशील म्हणून मी थांबले रे."

त्याने तोंड फिरवलं. घर येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. पुढच्या सीटवर दीपंकरदा मफलर तोंडावर धरून बसले होते.

पुढच्या रविवारी दहाला ते आले. संदेशची पेटी ठेवली, खोकं उघडलं, पहिलं कार्ड काढलं. श्रीकांतने डाव्या हाताने खोकं ढकललं. मग दुसरं. मग उरलेली दोन. जमीन पांढरी झाली. इतिहास, साहित्य, कला, धर्म, सगळं एकात एक. तो भिंतीकडे बघत बसला, आणि आम्ही दोघं म्हातारे गुडघ्यांवर बसून कार्डं गोळा करत राहिलो. कुठलं कुठल्या खोक्यातलं हे दीपंकरदांनाही सांगता येईना. शेवटी मी सगळी एका उशीच्या अभ्र्यात भरली.

त्या दिवसापासून त्याने प्रश्न ऐकले नाहीत. वाचायला लागलं की डोळे मिटायचा. मार्चअखेर बाईंनी येणं आठवड्यातून एकदा केलं, मग महिन्यातून, मग मीच फोन करणं सोडलं. "ताई तो"ही हळूहळू विरळ होत गेलं. गेल्या वर्षभरात मी ते ऐकलेलं नाही. दीपंकरदा दोन वर्षं जमेल तसं आले. पेपर वाचून दाखवायचे, उठताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून जायचे. गेल्या पावसाळ्यात त्यांची मुलगी त्यांना हैदराबादला घेऊन गेली. जाताना जिन्यात म्हणाले, "बौदि, मी त्या दिवशी नेलं नसतं तर..." मी म्हणाले, असं काही नाही. दोघांनाही माहीत होतं की मी नुसतं म्हणतेय.

क्विझवाल्यांना एक सुख असतं. प्रश्न कितीही अवघड असो, उत्तर कुठेतरी लिहिलेलं असतं. कार्ड उलटलं की दिसतं. मी जो प्रश्न घेऊन बसले आहे त्याला मागची बाजू नाही. त्या क्षणी त्याला खरंच कोणार्क आठवत होतं का? की आठवतंय असं नुसतं वाटत होतं, आणि आत काहीच उरलं नव्हतं? मनगट धरलं ते "थांब, मी सांगतो" म्हणून, की "तू सांग" म्हणून? मी विचारलं त्याला. एका दुपारी समोर बसून, हळू, एकेक शब्द तोडून. "तुला उत्तर येत होतं?" त्याने मान हलवली, हो. "की नव्हतं येत?" त्याने मान हलवली, हो. "मी सांगायला हवं होतं?" हो. "गप्प राहिले ते बरोबर केलं?" हो. मग मी त्याचं तोंड पुसलं आणि उठले.

आता घरात आवाज येतो तो माझा आणि मालतीचा. मालती सकाळ-संध्याकाळ येते, त्याला उठवायला, आंघोळीला मदत करते. तिच्याशी बंगाली. औषधवाल्याशी हिंदी. सुरुवातीला मी त्याच्याशी मुद्दाम मराठीत बोलायचे, दिवसभराचं सगळं सांगायचे. मग सांगण्यासारखं कमी होत गेलं. आता आठवडा आठवडा "चल", "उठ", "घे", एवढ्यावर निघतो, आणि मालती समोर असली की तेही "चोलो", "ओठो" होऊन जातं.

आज सकाळी मालती आली नव्हती. मी त्याच्यासाठी मऊसर धिरडं घातलं होतं, तव्यावर कडा सुटत आल्या होत्या. हातात उलटायचं ते होतं, लांब दांड्याचं, पुढे चपटं. मनात आलं, खुन्ती. मालती तेच म्हणते, बाजारात तेच म्हणतात. आणि आपल्यात काय म्हणतात? मी थांबले. आईच्या हातात बघितलेलं, सासूबाईंनी मला दिलेलं, रोज तीनदा हातात धरते ते. जिभेवर काही येईना. खुन्ती, खुन्ती, एवढंच. बडोदा, नागपूर, पुणे, कुठल्या नातेवाइकाला फोन करून विचारायचं असं? बाई, तुम्ही याला काय म्हणता?

मी तशीच त्याच्या खोलीत गेले. त्याच्यासमोर ते धरलं. "श्रीकांत, याला आपण काय म्हणतो रे?"

त्याने बघितलं. बराच वेळ. डावा हात पुढे करून ते माझ्याकडून घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, दांड्यावरून अंगठा फिरवला. मी त्याच्या ओठांकडे बघत उभी होते. मग त्याने ते जपून, दांडा माझ्याकडे करून, मला परत दिलं आणि खिडकीकडे वळला.

आतून जळका वास येत होता. धिरडं करपून तव्याला धरलं होतं. मी गॅस बंद केला आणि ते खरवडायला घेतलं.